वीसच्या दशकातली नणंद

माझ्या नणंदेचं लग्न मी जमवलं. तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना "हिचं लग्न केव्हाच झालंय आणि हिला दोन मुलं आहेत" असं तोंडावर सांगून जमवलं. आमच्या घरात ही गोष्ट दर लग्नाकार्यात निघते आणि प्रत्येक जण ती आपल्या सोयीनं सांगतो, म्हणून एकदा मीच सांगून टाकते.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. काष्टीच्या प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवायची. शाळेला खोल्या दोन आणि वर्ग चार. त्यामुळे दुसरी मारुतीच्या देवळात भरायची आणि तिसरी आमच्या घराच्या पडवीत. उंबरा ओलांडला की मी बाई, परत ओलांडला की सून! मी पाढे घेत असले की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून विचारायच्या, "कालवनात मीठ टाकलं का गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत अख्खी तिसरी एका सुरात "न्हाई" म्हणायची. पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं.

त्या वर्षी आमचे हेडगुरुजी नगरला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्यापासून ते काही पूर्वीचे राहिले नाहीत. इतिहास वाचायचा नसतो, जगायचा असतो, असं ते येताजाता म्हणायला लागले. (तोवर तो पाठ करायचा असतो असं त्यांचंच म्हणणं होतं.) त्यांनी ठरवलं की प्रत्येक वर्गानं एकेक दशक उभं करायचं. तिसरीला सन वीस ते तीस, दुसरीला तीस ते चाळीस, पहिलीला त्याच्या पुढचं, आणि चौथी स्वतः गुरुजींची म्हणून तिला एकदम नवंकोरं साठचं दशक. त्या-त्या काळचे कपडे, भांडी, बोलणं, सगळं वर्गात करून दाखवायचं. आणि एक नियम त्यांनी आम्हा मास्तर-बाईंच्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकला. "वर्गात पाऊल टाकलं की दशक सोडायचं नाही. समोर कोणीही येवो, काहीही विचारो, त्या काळातलंच बोलायचं. साहेब मुद्दाम फसवून बघतील. तुम्ही फसायचं नाही."

साहेब म्हणजे शिक्षण विस्तार अधिकारी. गावात त्यांना अजून दिपोटीच म्हणत. ते कर्जतकडच्या शाळा करून अकराच्या सुमाराला जीपनं येणार, असा निरोप होता.

मी पोरांना घरून जुन्या वस्तू आणायला सांगितल्या आणि तिथंच आमच्या गावाची गंमत कळली. जुनी वस्तू म्हणून जी-जी आली ती त्या-त्या घरात सकाळपर्यंत वापरात होती. जातं आलं, त्या घरात पीठ संपलं. कंदील आला, त्या घरात संध्याकाळी ठेचकाळले. आमचं घर तर वीसच्या दशकात न्यायला मला काही करावंच लागलं नाही. ट्रान्झिस्टर कपाटात घातला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, विजेच्या दिव्यावर टोपलं उपडं घातलं, की झालं! पंचाईत झाली ती हेडगुरुजींची. साठचं दशक दाखवायला त्यांना अख्ख्या गावात एक प्लॅस्टिकची बादली आणि एक नायलॉनची साडी मिळाली, आणि ती साडी नेसायला चौथीतलं कोणी तयार होईना.

वीसच्या दशकातलं एक कुटुंब मी पडवीत बसवलं. सिंधू नावाची मुलगी सासू. दोन पोरं घरची मुलं. आणि गुलाब शेख घरधनी, कारण मामंजींचा फेटा ज्याच्या डोक्यावर टिकला असा तो एकटाच होता. त्याला काजळाची मिशीही काढली. राहिली घरची सून. जातं ओढायचं, चूल पेटवायची, ही कामं तिसरीतल्या पोरीला कुठून जमणार? म्हणून मी माझ्या नणंदेला, कुसुमला गळ घातली.

आणि त्याच दिवशी दुपारी चारला कुसुमला बघायला पाहुणे येणार होते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण साहेब अकराला, पाहुणे चारला. मध्ये चार वेळा घर आवरून होतं! आत्याबाई मात्र मुळातच राजी नव्हत्या. आधी दोन ठिकाणं मोडली होती. एकांना मुलगी उंच वाटली, दुसऱ्यांना मॅट्रिक झालेली म्हणून तिखट वाटली. हे तिसरं. मुलगा कर्जतकडचा, साखर कारखान्यात नोकरीला. आमच्यापैकी कोणी त्या लोकांना पाहिलेलं नव्हतं. सगळं मध्यस्थानं ठरवलेलं, आणि तोच त्यांना चारच्या एसटीनं घेऊन येणार होता. मुलाला पाहिलं होतं फक्त कुसुमनं. मावशीबरोबर ती एका लग्नाला गेली होती तेव्हा हा पंगतीत वाढत होता, आणि तिच्या पानात त्यानं न विचारता तीनदा बुंदी वाढली होती. आदल्या रात्री भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "वहिनी, या वेळी जमलंच पायजे. हे मोडलं तर मी दुसऱ्या कोनापुढं पाटावर बसायची न्हाई." तिनं हे इतकं सरळ सांगितलं की मला गलबलून आलं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना.

अकराला जीप आली. दारापुढं धुरळा बसला तेव्हा त्यातून तिघं उतरले. एक धोतर-कोट-टोपीतले वयस्कर, एक जाडजूड गृहस्थ, आणि बुशशर्टाच्या खिशाला पेन लावलेला एक तरुण. हे साहेब, हे त्यांच्या हाताखालचे आणि हा कारकून, अशी मी मनातल्या मनात वाटणी करून टाकली. आमचे हे इंजिनाचा पट्टा आणायला श्रीगोंद्याला गेलेले, मामंजी परसात, हेडगुरुजी तिकडे शाळेत प्लॅस्टिकच्या बादलीपाशी. तेव्हा पुढं झाले ती मीच.

"आमी कर्जतहून आलो," वयस्कर म्हणाले. "जरा लवकरच आलो. ह्यांची कारखान्याची जीप दौंडाकडं निघालीच हुती."

आता एवढं ऐकल्यावर कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला असता. पण माझ्या डोक्यात तेव्हा सन वीस ते तीस चालू होतं! साहेबांना कारखान्यानं जीप दिली असेल, एवढाच अर्थ मी घेतला. "या, या. तुमचीच वाट बघत होतो. सगळी तयारी आहे," म्हणाले आणि त्यांना पडवीत घोंगडीवर बसवलं.

कुसुम भिंतीकडे तोंड करून दळत होती. आत्याबाईंच्या आईचं जुनेर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, ही एवढी मोठी नथ आणि हनुवटीपर्यंत पदर. त्या काळच्या सुना परक्यापुढं तोंड उघडत नसत, तेव्हा काही झालं तरी बोलायचं नाही, असं तिला मीच पढवलं होतं.

पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. एवढी पोरं बघून ते जरा बुचकळ्यात पडले असावेत, पण दुसऱ्याच्या घरातल्या पोरांची संख्या विचारायची आपल्याकडे रीत नाही. वयस्कर घसा खाकरून म्हणाले, "हीच का मुलगी?"

"होय, हीच," मी म्हणाले.

"मॅट्रिक झालीय म्हनून सांगितलं हुतं."

मी मनात म्हटलं, आले साहेब वळणावर! आता फसायचं नाही. मी हसून म्हणाले, "छे, छे. या दिवसांत मुलींना कोण शाळेत घालतं? अक्षरओळखसुद्धा नाही तिला. कागदावर अंगठाच उठवते."

जात्याची घरघर थांबली. कुसुमनं पदराआडून वळून पाहिलं असावं, कारण पुढच्याच क्षणी माझ्या साडीचा सोगा खालून जोरात ओढला गेला. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "घाबरते ती. माणसांची सवय नाही."

वयस्करांनी पुढं विचारलं, "बरं. सैपाक?"

सिंधू याच क्षणाची वाट बघत होती. घरी आजीपुढं बसून तिनं आपला भाग तयार केलेला. ती कमरेवर हात ठेवून उठली आणि तिनं सगळंच काढलं. सून पहाटे उठत नाही, भाकरी करपवते, दुधावरची साय खाते, उलट बोलते आणि माहेरचं नाव काढलं की दोन दिवस रडते! तिसरीतली पोरगी, पण काय तो आवाज. साहेबांचे डोळे मोठे झालेले बघून मला वाटलं, पहिला नंबर आमचाच.

इकडे हे चाललेलं, तेव्हा खरे साहेब परसदारानं आमच्या घरात शिरलेले होते.

त्यांची जीप वाटेत बिघडली म्हणून ते एसटीनं आले, आणि स्टँडवर कोणीतरी त्यांना आमच्या मागच्या बोळातून पाठवलं. हातात पिशवी, काखेत छत्री, अंगात कोट. आत्याबाईंनी पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला. मुलाचे वडील अगोदरच्या एसटीनं, तेही एकटेच, घर बघायला आले, अशी त्यांची खात्रीच पटली. पुढचं मला मामंजींनी नंतर सांगितलं, आणि साहेबांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं हेच त्यातलं नवल.

मामंजींनी त्यांना माजघरात गादीवर बसवलं. आत्याबाई कुसुमला बोलवायला पडवीच्या दाराशी आल्या, तर मी तिघांपुढं उभी. जीपमधली माणसं म्हणजे दिपोटी, हे त्यांनाही ठाऊक. त्यामुळे मध्ये बोलायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी दारातून हातवारे केले. तोंडाशी बोट नेलं, मग मागं दाखवलं, मग कुसुमकडे. मला वाटलं, पोहे तयार आहेत म्हणतायत. मी मान डोलावली. त्यांना वाटलं, हिला समजलं. त्या आत गेल्या आणि चारच्या पाहुण्यांचे पोहे साहेबांपुढं ठेवले.

साहेबांना त्या स्वागताचं थोडं आश्चर्य वाटलं, पण ते पोह्यांना लागले. खाता खाता त्यांनी कामाचं विचारलं, "मुलं किती आहेत?"

"चार," मामंजी म्हणाले.

"चारच?" साहेबांचा घास हातात राहिला. "एवढ्या मोठ्या गावात?"

"गावाचं जाऊ द्या. आमच्यापुरतं बोलतो. सरकार तर दोन-तीनवर थांबा म्हनतंय."

"शाळेला असं कोण म्हणालं?"

मामंजींना वाटलं, माणूस जरा तऱ्हेवाईक दिसतो. त्यांनी विषय बदलून मुलाचं विचारलं. साहेबांनाही मुलगा होताच. तो पुण्याला कॉलेजात होता आणि तीनदा नापास झाला होता. पोह्यांच्या भिडेनं म्हणा, साहेबांनी तेही मोकळेपणानं सांगून टाकलं. मामंजींचा चेहरा उतरला. कारखान्यातली नोकरी म्हणून सांगितलेला मुलगा पुण्यात नापास होत बसलाय! ते आत्याबाईंना हळूच म्हणाले की हे ठिकाणही गेलं.

पडवीत तेच ठिकाण माझ्या हातून जात होतं.

"वय काय हिचं?" जाडजूड गृहस्थांनी विचारलं. (हे मुलाचे मामा. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.)

"सोळा," मी म्हणाले. "पण नवव्या वर्षीच उजवली हिला. ही दोन मुलं हिचीच." दोन्ही पोरं उठून कुसुमच्या गळ्यात पडली आणि "आये, भूक लागली" म्हणाली. तसंच बसवलं होतं मी.

कुसुमनं आता साडी ओढणं सोडून मला चिमटा काढला. असा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मी तरीही दशक सोडलं नाही.

मामा टोपी सारखी करत उठले. वयस्करही उठले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "बाई, एवढ्या लांबून आलो आमी. लगीन झालेली पोरगी आमाला दाखवायला काढता?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गुलाब शेख पुढं आला. कोणी परका बायकोविषयी बोलला की घरधन्यानं उठायचं, हे त्याला शिकवलेलं. मामंजींचा फेटा सावरत, मिशीवर ताव मारत तो म्हणाला, "ही माजी बायकू हाय. मी हिला नांदवतो." ताव मारताना अर्धी मिशी बोटांबरोबर गालावर गेली.

आणि तो पेनवाला कारकून हसायला लागला. आधी तोंडावर रुमाल धरून, मग रुमाल सोडून, मग भिंतीला टेकून. त्याच्या डोक्यावरच फळा होता आणि फळ्यावर माझ्या अक्षरात 'इयत्ता तिसरी, सन १९२० ते १९३०' लिहिलेलं. त्यानं ते बोटानं बापाला दाखवलं. बापाला काही उमगेना. "साहेब," मी म्हणाले, "काही चुकलं का?"

"साहेब कोन?" वयस्कर म्हणाले. "मी मुलाचा बाप. हा मुलगा. बबन."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं, पण पडवी आदल्या दिवशीच घट्ट सारवलेली. "मी आहे ना" असं जिला सांगितलं तिचं मी हे केलं होतं! तोंडातून शब्द फुटेना, इतका वेळ नको तेवढे फुटले होते तरी.

शेवटी बोलली ती कुसुम. तिनं पदर मागं टाकला, नथ काढून जात्यावर ठेवली आणि उभी राहिली. थेट बबनच्या वडिलांकडे बघून म्हणाली, "मी मॅट्रिक झालीय. भाकरी करपत न्हाई. साय खाते, ते खरं हाय. आन हा माजा नवरा न्हाई, हा तिसरीत हाय."

वडिलांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग लेकाकडे पाहिलं. लेकाचं हसू थांबलं होतं आणि तो नुसता कुसुमकडे बघत होता, बुंदीचं पातेलं हातात असल्यावर बघत असेल तसा. वडील घोंगडीवर परत बसले. त्यांनी गुलाबला जवळ बोलावलं आणि गंभीरपणे विचारलं, "काय पाव्हनं, सोडता का मग हिला?"

गुलाबनं माझ्याकडे पाहिलं. मी 'हो म्हण' अशा अर्थी जोरजोरात मान डोलावली.

"न्हाई," गुलाब म्हणाला. "बाईंनी सांगितलंय, कुनी कायबी इचारलं तरी सोडायचं न्हाई."

तेव्हा मात्र म्हातारा हसला. मामा हसले. दारात आत्याबाई, त्यांच्यामागं मामंजी आणि मामंजींच्या मागं पोह्यांची बशी घेतलेले साहेब, सगळे येऊन उभे राहिले आणि एकमेकांना तुम्ही कोण, तुम्ही कोण, असं विचारायला लागले. मी घंटा हातात घेतली आणि बडवली. सुटी झाल्याशिवाय गुलाब कुसुमला सोडणार नव्हता.

पोहे साहेबांनी संपवले होते, त्यामुळे व्याह्यांचं तोंड गूळ-शेंगदाण्यांवर गोड झालं. साहेबांचं पुढं काही बघायचं राहून गेलं. तिकडे हेडगुरुजी बादली घेऊन दुपारपर्यंत ताटकळले. शाळेबद्दल साहेबांनी शेरा लिहिला तो असा: 'तिसरीचा वर्ग पाहता आला नाही, परंतु पालकांचे सहकार्य उत्तम.' लग्नात गुलाब शेखला टोपी-टॉवेलाचा आहेर झाला. बबनरावांनीच केला आणि पहिल्या नवऱ्याचा मान म्हणून त्याला आपल्याशेजारी जेवायला बसवलं. त्याच्या पानात तीनदा बुंदी पडली.

हे सगळं आठवायचं कारण मागच्या महिन्यात घडलं. कुसुम आता नगरला सावेडीत राहते. तिची नात तिथल्या शाळेत तिसरीत आहे आणि त्यांच्याही वर्गात दशकं करायची टूम निघाली. नातीच्या वाट्याला सत्तरचं दशक. जुन्या वस्तू आणा म्हटल्यावर कुसुमनं घरभर शोधलं, काही सापडलं नाही. मग तिनं मला गाडी पाठवून बोलावून घेतलं.

मला वर्गात खुर्चीवर बसवलं. एका बाजूला ट्रान्झिस्टर, दुसऱ्या बाजूला पितळेचा स्टोव्ह, मध्ये मी. पालक बघायला आले. वर्गातल्या बाई, असेल पंचविशीची पोर, माझ्याकडे हात करून त्यांना सांगायला लागली, "ही सत्तरच्या दशकातली खेड्यातली बाई. त्या काळात खेड्यात बायका शिकत नसत. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्या बाहेर पडत नसत."

तेहेतीस वर्षं मी शाळेत शिकवलंय. मी शेजारी उभ्या कुसुमचा पदर ओढला. तिनं लक्ष दिलं नाही. मी पुन्हा ओढला. मग चांगला कडकडून चिमटा काढला.

कुसुमनं माझ्या पाठीवर थोपटलं आणि पालकांना म्हणाली, "घाबरतात त्या. माणसांची सवय नाही."